तळघर

हात लावू नका.
अकरा वर्षं हेच तीन शब्द मी
आवाज न चढवता म्हणत आले आहे.
त्याआधी एकोणीस वर्षं मांसाच्या कारखान्यात पट्ट्यापाशी होते,
तिथे सगळ्यालाच हात लावावा लागे.

आमचं कॉलेज नेब्रास्कातलं, लहानसं.
इकडे वेल्डिंगची शेड, तिकडे नर्सिंगचे वर्ग,
आणि मध्येच, कुणा धान्यवाल्याच्या विधवेच्या पैशांतून
उभं राहिलेलं हे चित्रांचं घर.
त्याच्या भिंतीला भिंत लावून बालशाळा.
दुपारी मोठ्या पांढऱ्या दालनात
पलीकडच्या बुटक्या संडासातलं पाणी धो धो ऐकू येतं.
पाहुणे चपापतात. मी नाही.

गुरुवारी सव्वादहाला मुलं येतात, दोरी धरून.
दोरीला अकरा रंगीत कड्या, एकेकाला एकेक.
दोरी सोडायची नाही, हा मिस रोझविथाचा कायदा.
तिचा कायदा आणि माझा कायदा मिळून
मुलांच्या दोन्ही हातांचा बंदोबस्त होतो.

न्याबोल जांभळी कडी धरते.
तिची आई वरच्या मजल्यावर
रबराच्या हातात सुई टोचायला शिकते.
त्या मोठ्या काळ्या चित्रापुढे न्याबोल थांबली
की मागची सगळी माळ थांबते.
‘यात कोण निजलंय?’
मी पाटी वाचते : तैलरंग. शीर्षक नाही.
‘लिहिलेलं नाही गं.’
‘मग उठवू नका,’ ती म्हणते,
आणि माळ पुढे सरकते.

मे महिन्यातला एक गुरुवार.
आभाळ मुका मार लागल्यासारखं, हिरवंपिवळं.
वारा थांबला.
आमच्याकडे वारा थांबला की म्हातारे खुर्चीतून उठतात.
मग भोंगा.

अख्ख्या आवारात तळघर एकच, आमचं.
चित्रांना ऊन लागू नये, ओल चढू नये
म्हणून फूटभर जाड काँक्रीट ओतलेलं.
बांधताना माणसांचा विचार कुणी केला नव्हता,
पण माणसं मावली.
कपाळावर मुखवटे सरकवलेले वेल्डर,
हातात डाव तशीच घेऊन आलेली कॅन्टीनची बाई,
आणि जिन्यावरून एकेक पायरी मोजत
लाल, पिवळी, हिरवी, जांभळी.

भिंतीकडे तोंड. डोकं गुडघ्यांत. दोन्ही हात मानेवर.
दोन्ही हात मानेवर घ्यायचे
तर दोरी सोडावी लागते.
कड्या जमिनीवर टपटप पडल्या
तेव्हा अन्सेल्मो रडला.
भोंग्याला नव्हता रडला.

दिवे गेले.
वरून काहीतरी घासत गेल्यासारखा आवाज,
फार मोठ्या टेबलाचे पाय ओढावेत तसा.
मी बॅटरी लावली.
उजेडात आधी दिसली रांगेनं उभी केलेली चित्रं,
पांढऱ्या कापडात गुंडाळलेली,
मग ब्राँझची बसलेली बाई, डोकं नसलेली,
आणि तिच्या पावलावर
अन्सेल्मोचा हात. बोटं पक्की आवळलेली.

घाम ब्राँझला खातो.
प्रशिक्षणात आम्हाला त्याचे फोटो दाखवले होते.
तीन शब्द माझ्या जिभेवर आले,
तिथेच बसून राहिले.
मी बॅटरी छताकडे वळवली.

न्याबोलची आई सगळ्यांत शेवटी उतरली,
हातमोजे अजून हातात,
‘न्याबोल! न्याबोल!’
कोपऱ्यातून दबका आवाज आला :
‘हळू. इथे सगळी निजलीत.’

वादळ चार मैलांवरून उत्तरेला गेलं.
एक गोठा घेऊन गेलं, गाई ठेवून गेलं.
आम्ही वर आलो तर लॉनवर
कुणाचा तरी पोस्टाचा डबा पडला होता, झेंडा वर केलेला.

जूनमध्ये तपासणी झाली.
ब्राँझच्या पावलावर एक मंद डाग निघाला,
चार बोटांचा, अंगठा आतल्या बाजूला.
फॉर्म माझ्याकडे आला.
तारीख लिहिली. वस्तूचा क्रमांक लिहिला.
नुकसानीचं कारण, या रकान्यापाशी
पेन जरा वेळ टेकवून ठेवलं,
मग लिहिलं :
हवामान.